थेंबाथेंबाचा हिशेब

कोणत्याही महामार्गालगतच्या ट्रक टर्मिनलवर इतर गॅरेजांपासून जरा फटकून असलेले एक दुकान हमखास आढळते. आजूबाजूला ग्रीसने माखलेली माणसे रस्त्यावरच इंजिने उघडून बसलेली असतात. या दुकानाचे दार मात्र धूळ आत येऊ नये म्हणून लोटलेले असते. बाहेर पाटी असते ‘डिझेल पंप-नोझल’ची. आत टेबलावर एक छोटे यंत्र असते. त्याला एक हाताचा दांडा आणि वर दाब दाखवणारी तबकडी. मिस्त्री ट्रकमधून काढलेले नोझल त्याला जोडतो आणि दांडा हळूहळू खाली दाबतो. तबकडीवरचा काटा चढू लागतो. शंभर, दीडशे, दोनशे बार, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या दोनशेपट. आणि एका विशिष्ट आकड्याला ‘चर्र’ असा आवाज होऊन नोझलच्या टोकातून डिझेलचे धुके फुटते. मिस्त्री त्यापासून हात दूर ठेवतो, कारण ती धार कातडी भेदून आत शिरू शकते. मग तो टोकाकडे निरखून पाहतो. तिथे थेंब लोंबकळत असेल तर नोझल नापास. काटा ठरलेल्या आकड्याच्या आधीच थांबला असेल तर तो होल्डर उघडतो, आतल्या स्प्रिंगखाली कागदासारखी पातळ चकती सरकवतो आणि पुन्हा दाब मोजतो. ट्रकने घाटात काळा धूर ओकायचा की मुकाट्याने चढ चढायचा, हे या दोनचार मिनिटांत ठरते.

या साऱ्या खटाटोपाच्या मुळाशी असलेला माणूस रूढ अर्थाने संशोधक नव्हता. डिझेल इंजिन त्याने शोधले नाही. त्याच्या नावावर लागलेल्या अनेक शोधांची आखणीही त्याच्या सहकाऱ्यांची. विद्यापीठाची पदवी त्याच्याजवळ नव्हती. पण अतिसूक्ष्म मापाचे काम हजारोंच्या संख्येने आणि तरीही अचूक करता येते, हे त्याने जगाला दाखवून दिले. रॉबर्ट बॉश हे त्याचे नाव. आज ते स्पार्क प्लगपासून ड्रिल यंत्रापर्यंत घराघरांत पोहोचले आहे; नावामागचा माणूस मात्र फारसा कुणाला ठाऊक नाही.

बॉश यांचा जन्म २३ सप्टेंबर १८६१ रोजी दक्षिण जर्मनीतील उल्म शहराजवळच्या आल्बेक या खेड्यात झाला. बारा भावंडांतले ते अकरावे. वडील सेर्व्हाटिउस यांची शेती होती आणि हमरस्त्यावर प्रवाशांसाठी खाणावळ. घर सुखवस्तू होते. वडील वाचनाचे शौकीन आणि उदार विचारांचे. शाळेत रॉबर्टचे मन फारसे रमले नाही. १८७६ मध्ये उल्ममध्ये एका कारागिराकडे सूक्ष्म यंत्रकामाची उमेदवारी त्याने पत्करली. तो अनुभव काही सुखाचा नव्हता. शिकवण्याकडे मालकाचे लक्ष नसे आणि मुलांचा वेळ फुकट जाई. पुढे स्वतःच्या कारखान्यात प्रशिक्षणार्थींसाठी बॉश यांनी जी शिस्तबद्ध व्यवस्था उभारली, तिच्यामागे हा जुना सल होता.

उमेदवारीनंतरची काही वर्षे भटकंतीत गेली. या कारखान्यातून त्या कारखान्यात, मध्ये एक वर्ष लष्करी सेवा, स्टुटगार्टच्या तंत्रविद्यालयात काही महिने श्रोता म्हणून हजेरी. १८८४ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि एडिसनच्या कारखान्यात काम केले. विजेच्या नव्या जगाचे दर्शन तिथे झाले. पण समतेच्या ज्या देशाची स्वप्ने रंगवून ते गेले होते, तो काही त्यांना सापडला नाही. ‘नाइट्स ऑफ लेबर’ या कामगार संघटनेचे ते सभासद झाले. वर्षभरात अमेरिका सोडून त्यांनी इंग्लंडमध्ये सीमेन्स बंधूंच्या कारखान्यात थोडा काळ काढला आणि मायदेश गाठला.

१५ नोव्हेंबर १८८६ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, वारसाहक्काने मिळालेल्या दहा हजार मार्कांच्या भांडवलावर त्यांनी स्टुटगार्टमध्ये सूक्ष्म यंत्रकाम आणि वीजकामाची कार्यशाळा थाटली. हाताखाली एक कारागीर आणि एक पोऱ्या. टेलिफोन, घंटा, जे काम येईल ते करायचे. पुढच्याच वर्षी एका गिऱ्हाइकाने स्थिर इंजिनासाठी ठिणगी पाडणारा मॅग्नेटो बनवून मागितला. बॉश यांनी तो बनवला, सुधारला आणि त्यातच त्यांचे भवितव्य दडलेले होते. मात्र ते उजाडायला दहा वर्षे लागली. मधली वर्षे कर्जाची आणि घरच्यांच्या मदतीवर तग धरण्याची होती. गिऱ्हाइकांच्या घरी चाललेली कामे तपासायला बॉश सायकलवरून गावभर फिरत.

१८९७ मध्ये फ्रेडरिक सिम्स या उद्योजकाने एक मोटार-तीनचाकी पाठवली. तिच्या वेगवान इंजिनाला पुरेल असा मॅग्नेटो हवा होता. बॉश यांचा फोरमन आर्नोल्ड झेरिंगर याने तो प्रश्न सोडवला. पाठोपाठ गोटलोब होनोल्ड या अभियंत्याने उच्च दाबाच्या विजेवर चालणारा मॅग्नेटो आणि त्याचा स्पार्क प्लग तयार केला; १९०२ मध्ये तो बाजारात आला. पेट्रोल इंजिनातील ठिणगीची सर्वांत मोठी अडचण त्याने दूर केली आणि मोटारयुगाबरोबर बॉश यांचा कारखानाही वाढत सुटला. १९१३ मध्ये त्यांच्या विक्रीपैकी ८८ टक्के विक्री जर्मनीबाहेर होत होती.

याच काळात त्यांना ‘लाल बॉश’ हे टोपणनाव मिळाले. १९०६ मध्ये त्यांनी आपल्या कारखान्यात आठ तासांचा दिवस लागू केला. कायद्याने तसे बंधन येण्याच्या कितीतरी आधी. १९१० मध्ये शनिवारची दुपार मोकळी केली. पगार इतरांपेक्षा चांगला. यामागे भूतदया होती असे मात्र नव्हे. थकलेल्या हातांकडून मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचे काम होत नाही, हे कार्यशाळेत वाढलेल्या या माणसाला नेमके ठाऊक होते. समाजवादी विचारवंत कार्ल काउट्स्की त्यांचे स्टुटगार्टमधले शेजारी. त्यांच्याशी गप्पा होत. तरीही १९१३ मध्ये कारखान्यात मोठा संप झाला, कित्येक आठवडे काम बंद पडले आणि बॉश दुखावले गेले. आपण कामगारांच्या बाजूचे आहोत, ही त्यांची समजूत होती. कामगारांच्या लेखी मात्र ते अखेर मालकच होते. त्यानंतर ते मालकांच्या संघटनेत सामील झाले.

स्वभावाने ते काटकसरी आणि तापट. कारखान्यात जमिनीवर पडलेली कागदाची टाचणी उचलून, हे काय आहे असे त्यांनी एका कर्मचाऱ्याला विचारल्याची आणि तो गोंधळलेला पाहून ते आपले पैसे असल्याचे त्याला सुनावल्याची आख्यायिका अजून सांगितली जाते. पण हाच माणूस पहिल्या महायुद्धातील नफा आपल्याकडे ठेवायला तयार नव्हता. सुमारे दोन कोटी मार्क त्यांनी सार्वजनिक कामांसाठी देऊन टाकले. युद्धाने त्यांचेही बरेच काही हिरावले. अमेरिकेतील त्यांची मालमत्ता शत्रूची म्हणून जप्त होऊन विकली गेली. त्याहून मोठा घाव घरातला होता. वारसदार म्हणून ज्याच्याकडे पाहावे तो एकुलता मुलगा रॉबर्ट दीर्घ दुखण्यानंतर १९२१ मध्ये गेला. बॉश तेव्हा साठीला टेकले होते.

साठीत, पुत्रशोकात, जर्मन चलनाची किंमत रोज कोसळत असताना, बॉश यांनी आपल्या आयुष्यातला सर्वांत धाडसी निर्णय घेतला. १९२२ च्या अखेरीस त्यांनी डिझेल इंजिनासाठी इंधन फवारणीची यंत्रणा तयार करण्याचे काम हाती घेतले.

या निर्णयाचे महत्त्व कळण्यासाठी डिझेल इंजिनाची अडचण समजून घ्यावी लागेल. या इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा इतकी दाबली जाते की ती स्वतःच धगधगते आणि तिच्यात इंधन शिरताच पेट घेते. पण हवा दाबलेली असल्याने इंधनाला तिच्याहून कितीतरी मोठ्या दाबाने आत घुसवावे लागते. रुडॉल्फ डिझेल यांनी यासाठी दाबलेल्या हवेचाच झोत वापरला होता. त्याकरिता वेगळा कॉम्प्रेसर लागे. तो अवजड असे आणि इंजिनाची काही शक्ती स्वतःच खाई. कारखान्यात आणि जहाजावर हे चालून जाई. ट्रकवर ते लादणे अशक्यप्राय. १९१३ मध्ये डिझेल यांचा समुद्रात गूढ अंत झाला तेव्हा त्यांचे इंजिन रस्त्यावर उतरले नव्हते. पुढे प्रॉस्पर लोरांज यांच्यासारख्या अभियंत्यांनी हवेवाचून इंधन फवारण्याचे मार्ग शोधले आणि १९२३-२४ च्या सुमारास बेंझ आणि ‘एमएएन’ या कंपन्यांचे पहिले डिझेल ट्रक तयार झाले. परंतु भरवशाचा पंप ही सर्वांचीच डोकेदुखी होती.

एका थेंबाचा हिशेब मांडून पाहावा. सहा सिलिंडरचे इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला एक हजार वेळा इंधन सोडावे लागते. दर वेळी जेमतेम एकदोन थेंब आणि तेही सेकंदाच्या काही हजाराव्या भागात. सहाही सिलिंडरना सारखेच मिळाले पाहिजे. अन्यथा इंजिन थरथरते. नेमक्या क्षणी सुरू होऊन नेमक्या क्षणी थांबले पाहिजे. उशिरा गळलेला थेंब नीट जळत नाही, त्याचा धूर आणि काजळी होते. शिवाय चालकाने पाय दाबला की हे माप वाढले पाहिजे आणि उचलला की घटले पाहिजे. हे सारे शेकडो बार दाबाखाली आणि खड्ड्यांतून धावणाऱ्या वाहनात, वर्षानुवर्षे.

बॉश यांनी या कामात पडण्याला आणखी एक कारण होते आणि ते भीतीचे होते. त्यांचे साम्राज्य ठिणगीवर उभे होते. डिझेल इंजिन यशस्वी झाले तर त्याला ठिणगी लागणारच नव्हती. आणि पेट्रोल मोटारींतही मॅग्नेटोची जागा स्वस्त बॅटरी-प्रज्वलन घेऊ लागले होते. ज्या इंजिनामुळे आपला धंदा बुडू शकतो त्याच इंजिनाचा सर्वांत नाजूक अवयव आपण बनवायचा, असे हे धोरण होते. त्यासाठी लागणारे भांडवल त्यांच्याजवळ होते: मॅग्नेटोच्या निमित्ताने सूक्ष्म मापाला सरावलेले हजारो हात आणि तशीच यंत्रे.

१९२३ च्या सुरुवातीलाच पंपाच्या डझनभर आराखड्यांवर विचार सुरू होता आणि वर्षाच्या मध्यावर इंजिनावर चाचण्याही सुरू झाल्या. त्याच वर्षी होनोल्ड यांचे निधन झाले. आपला सर्वांत बुद्धिमान सहकारी बॉश यांनी गमावला. काम थांबले नाही. पंप बिघडत, नळ्या गळत, नोझल्स काजळीने तुंबत. १९२५-२६ च्या मंदीत मोटार उद्योग कोलमडला आणि बॉश यांना मोठी कामगारकपात करावी लागली. तरीही प्रयोगांवरचा खर्च चालू राहिला. पाच वर्षांनी, १९२७ मध्ये, पंपाचे नियमित उत्पादन सुरू झाले.

त्या पंपाची युक्ती साधी म्हणावी अशी आहे. प्रत्येक सिलिंडरसाठी पोलादी नळीत वरखाली होणारा एक दट्ट्या. त्याची धाव कायम तेवढीच. पण त्याच्या अंगावर तिरकी खाच कोरलेली. दट्ट्या वर जाताना इंधन दाबतो आणि खाच बाजूच्या छिद्रासमोर आली की दाब क्षणात सुटून फवारणी थांबते. एका दातेरी दांड्याने सगळे दट्टे एकदम थोडे फिरवले की खाच छिद्राशी लवकर किंवा उशिरा पोहोचते आणि इंधनाचे माप बदलते. चालकाचा पाय शेवटी हा दांडाच सरकवत असतो. खरी अवघड गोष्ट होती ती दट्ट्या आणि नळी यांमधली फट. इतक्या दाबाखाली इंधन निसटू नये म्हणून ती मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजावी लागते. म्हणून प्रत्येक जोडी एकमेकीवर घासूनच बसवतात. एकाचा दट्ट्या दुसऱ्याच्या नळीत चालत नाही आणि धुळीचा कणही त्यांचा घात करतो. पंप-नोझलच्या दुकानाचे दार लोटलेले का असते, त्याचे उत्तर हे आहे.

पंपाच्या पलीकडच्या टोकाला नोझल. त्यातली सुई स्प्रिंगने दाबून धरलेली असते. इंधनाचा दाब स्प्रिंगहून वरचढ झाला की सुई उचलते. स्प्रिंग सैल पडली तर सुई कमी दाबालाच उघडते, फवारा जाड पडतो आणि धूर होतो. ती फाजील घट्ट केली तर फवारणीला उशीर होतो. म्हणून हा दाब वेळोवेळी मोजायचा आणि जुळवायचा. पंप चाचणीच्या बाकावर चढवून सहाही नळ्यांतून येणारे इंधन काचेच्या नळकांड्यांत मोजायचे, हाही त्याच हिशेबाचा भाग. कमाल मापाचा स्क्रू एकदा जुळवला की त्याला तार गुंफून शिशाचे सील ठोकतात. जास्त ताकदीच्या मोहाने कोणी ते तोडले, तर ट्रक काही दिवस जोरात पळतो खरा. पण काळा धूर आणि तापलेले इंजिन त्याची चुगली करतात.

या पंपामुळे इंजिन बनवणाऱ्यांना पंप स्वतः घडवण्याची गरज उरली नाही. ट्रक, बस, ट्रॅक्टर यांत डिझेल झपाट्याने शिरले आणि १९३६ मध्ये मर्सिडीझ-बेंझची ‘२६० डी’ ही डिझेलवर चालणारी प्रवासी मोटार बॉश पंपासह बर्लिनच्या प्रदर्शनात अवतरली. दरम्यान बॉश यांच्या खासगी आयुष्यानेही वळण घेतले होते. पहिला विवाह संपुष्टात आला होता आणि १९२७ मध्ये त्यांनी मार्गारेटे व्योर्झ यांच्याशी विवाह केला. उतारवयात पुन्हा मुलगा आणि मुलगी झाली. होमिओपॅथीवर त्यांची गाढ श्रद्धा. १९४० मध्ये त्यांनी स्टुटगार्टला रुग्णालय उभारले ते याच श्रद्धेतून.

मात्र या चरित्राचा शेवटचा भाग उजळ नाही आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. फ्रान्स आणि जर्मनी यांच्यात सलोखा व्हावा म्हणून झटणारे बॉश हिटलरच्या राजवटीचे समर्थक नव्हते. त्यांचे निकटचे सहकारी हान्स वाल्झ यांनी अनेक ज्यूंना मदत केली. पुढे इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने त्यांचा गौरव केला. हिटलरविरोधी कटातले प्रमुख नाव असलेले कार्ल गोर्डेलर हे कंपनीचे सल्लागार होते आणि त्यांच्या कार्याला कंपनीतून आश्रय मिळत होता. पण त्याच वेळी कंपनीचे कारखाने युद्धसामग्री बनवत होते. ट्रकच्या पंपाचीच विद्या लढाऊ विमानांच्या इंजिनांतही उतरली होती. युद्धकाळात सुमारे वीस हजार वेठबिगार कंपनीत राबले. त्यांत युद्धकैदी होते आणि छळछावण्यांतील बंदीही. कारागिराच्या थकव्याचा विचार करून आठ तासांचा दिवस देणाऱ्याच्या नावाखाली हे घडले. १२ मार्च १९४२ रोजी बॉश यांचे निधन झाले तेव्हा, ज्या राजवटीचा त्यांना तिटकारा होता तिनेच त्यांची अंत्ययात्रा शासकीय इतमामात काढली. नियतीचा हा क्रूर विनोदच म्हणायचा.

त्यांच्या इच्छेनुसार कंपनीतील मालकीचा फार मोठा हिस्सा १९६० च्या दशकात एका धर्मादाय प्रतिष्ठानाकडे गेला. आजही कंपनीचे नव्वद टक्क्यांहून अधिक भांडवल त्या प्रतिष्ठानाकडे असून लाभांश आरोग्य, शिक्षण अशा कामांकडे वळतो.

आपल्याकडे बॉश यांचे नाव त्यांच्या हयातीतच, १९२२ मध्ये, कलकत्त्यातील विक्री एजन्सीमार्फत आले. १९५१ मध्ये बंगळूरमध्ये ‘मोटर इंडस्ट्रीज कंपनी’ स्थापन झाली. ‘मायको’ हे तिचे लाडके नाव ट्रकवाल्यांच्या तोंडी इतके बसले, की २००८ मध्ये कंपनीने अधिकृतपणे बॉश हे नाव घेतल्यावरही जुने मिस्त्री ‘मायकोचा पंप’ असेच म्हणत राहिले. पुढे नाशिकला कारखाना आला आणि डिझेलच्या नोझल्स आणि इंजेक्टर्स यांच्याशी त्या शहराचे नाते जडले. केसाहून बारीक छिद्रांचे हे काम मराठी कामगारांच्या दोनतीन पिढ्यांनी केले आहे.

१९९७ पासून मोटारींत ‘कॉमन रेल’ आले. दाब आधी १३५० बार, मग दोन हजारांपलीकडे गेला. तिरक्या खाचेचे काम संगणक करू लागला. शिशाच्या सीलची जागा सॉफ्टवेअरने घेतली. पण मोह तोच राहिला. डिझेल मोटारींच्या धुराच्या चाचणीत फसवणूक करणाऱ्या सॉफ्टवेअरचे प्रकरण २०१५ मध्ये उघडकीस आले आणि इंजिन नियंत्रणाचे संच पुरवणाऱ्या बॉश कंपनीला, देखरेखीतील हयगयीबद्दल, २०१९ मध्ये स्टुटगार्टच्या सरकारी वकिलांनी नऊ कोटी युरोंचा दंड ठोठावला. पैसा गेला तरी चालेल पण विश्वास जाता कामा नये, असे मानणाऱ्या संस्थापकाच्या गावातच हा हिशेब चुकता झाला.

यंत्र कितीही बदलले तरी मोजणारा माणूस प्रामाणिक असावा लागतो. लोटलेल्या दारामागे, तबकडीवरच्या काट्याकडे डोळे लावून बसलेला तो मिस्त्री काटा दोन रेघा अलीकडे थांबला म्हणून होल्डर पुन्हा उघडतो. गिऱ्हाइकाला हे कळणारही नसते. रॉबर्ट बॉश यांना असा माणूस आपल्या कारखान्यात हवा असता.